विश्लेषण : हजेरी लागली, पण लक्ष कुठे आहे? नोकरीतल्या ताणाने कामच कसे बिघडते?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आणि पनवेल तालुक्यात नोकरीचे आणखी एक मोठे ठिकाण तयार झाले. तळोज्यातील कारखाने, कळंबोलीचा पोलाद बाजार, जेएनपीए बंदराच्या मालावर चालणारी गोदामे आणि रोज हार्बरने मुंबई गाठणारा नोकरदार वर्ग येथे आधीपासून आहेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजच्या कामाचे तास वाढविण्यास मंजुरी दिली. माणूस जास्त वेळ कामावर थांबला की काम जास्त होते, असे यामागचे गणित. ते बरोबर आहे का? कामावर थांबलेला माणूस खरोखर काम करत असतो का? आणि करत नसेल, तर दोष त्याचा की त्याला दिलेल्या कामाच्या रचनेचा?

हजर असूनही गैरहजर म्हणजे काय?

बोटाचा ठसा यंत्रावर उमटला की हजेरी लागते. माणूस दारातून आत आला, एवढेच ते यंत्र सांगते. त्याचे लक्ष आत आले की नाही, हे त्याला कळत नाही. मराठीत यासाठी जुना शब्दप्रयोग आहे : पाट्या टाकणे. काम नाकारायचे नाही, पण त्यात जीवही ओतायचा नाही. सांगितले तेवढे करायचे, चूक दिसली तरी आपण होऊन बोलायचे नाही आणि घड्याळाकडे पाहत दिवस काढायचा.

व्यवस्थापनशास्त्रात याला प्रेझेंटीइझम म्हणतात. आजारी पडून घरी राहिलेल्या कर्मचाऱ्याची नोंद होते, त्याचा पगार कापता येतो, बदली माणूस देता येतो. हजर राहून अर्ध्या लक्षाने काम करणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून हा तोटा ताळेबंदात दिसत नाही. पण तो मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेचे सुमारे एक लाख कोटी डॉलरचे नुकसान होते. डेलॉइटने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात भारतीय कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या बिघडलेल्या मानसिक आरोग्याची किंमत वर्षाला सुमारे १४ अब्ज डॉलर मोजावी लागत असल्याचा अंदाज होता. त्यात रजा आणि राजीनामे यांच्याबरोबर हजर राहूनही न झालेले कामही धरले आहे. गॅलप संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातले केवळ २१ टक्के कर्मचारी आपल्या कामात मनापासून गुंतलेले आहेत. म्हणजे पाचातला एक.

ताणामुळे लक्ष का उडते?

कामासाठी लागणारे लक्ष अमर्याद नसते. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. हिशेब तपासणे, यंत्राचा दाब वाचणे, ग्राहकाचे बोलणे समजून घेणे, हे सगळे त्याच जागेत चालते. चिंता या जागेत भाडे न देता राहायला येते. ‘आज साहेब काय म्हणतील’, ‘टार्गेट चुकले तर काय’, ‘कंत्राट पुढे वाढेल ना’ हे विचार मागे चालू राहिले की कामासाठी उरलेली जागा कमी होते. मग एकच ओळ दोनदा वाचावी लागते आणि साध्या बेरजेत चूक होते.

दुसरे कारण अर्धवट कामांचे. अमेरिकी संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसरीकडे वळला तरी त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम खराब होते. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारे ‘अर्जंट’ निरोप नेमके हेच करतात. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात आणखी एक गंमत दिसली. सतत अडथळे आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, पण त्यांचा ताण आणि चिडचिड वाढली. साहेबाला काम वेळेत झालेले दिसते. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

तिसरे कारण झोपेचे. ताणाने झोप उडते आणि झोप उडाली की ताण वाढतो. विल्यमसन आणि फेयर यांच्या २००० सालच्या अभ्यासात सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून मंद ठरला. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला १७ तास जागा असतो. तो द्रुतगती मार्गावर ट्रेलर चालवत असेल किंवा तळोज्यात रसायनांच्या टाकीजवळ उभा असेल, तर प्रश्न केवळ उत्पादकतेचा राहत नाही.

थोडा ताण चांगला असतो, हे खरे का?

‘डोक्यावर टांगती तलवार असल्याशिवाय लोक काम करत नाहीत,’ हे कार्यालयांत नेहमी ऐकू येणारे वाक्य. त्याला आधार म्हणून यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या संशोधनाचा दाखला दिला जातो. ते प्रयोग उंदरांवर होते आणि शिक्षा विजेच्या झटक्याची होती. त्यातही निष्कर्ष असा होता, की काम जितके अवघड तितका कमी दाब पुरतो. सोपे काम दाबाखाली निभावते, विचार करून करायचे काम मात्र लवकर बिघडते.

२००० साली अमेरिकी संशोधकांनी ताणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, आव्हानाचा ताण : अवघड जबाबदारी, जवळ आलेली मुदत, नवे शिकावे लागणे. दोन, अडथळ्याचा ताण : कोणाचे ऐकायचे ते न कळणे, कार्यालयातले राजकारण, निरर्थक कागदपत्रे, नोकरीची शाश्वती नसणे. पहिल्या प्रकाराने नोकरीतले समाधान वाढते, दुसऱ्याने ते घटते आणि माणूस दुसरी नोकरी शोधू लागतो. लग्नघरात स्वयंपाकाला उभा राहिलेला आचारीही ताणात असतो, पण शेवटची पंगत उठली की तो मोकळा होतो. ज्या ताणाला शेवटची पंगतच नाही, तो माणसाला काम शिकवत नाही, कामापासून तोडतो.

कामाचा बोजा जास्त घातक की ताबा नसणे?

या सगळ्या चर्चेतला हा कळीचा मुद्दा आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ताण केवळ कामाच्या बोजाने ठरत नाही. बोजा आणि ताबा यांच्या जोडीने तो ठरतो. काम भरपूर, पण ते कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवायची मुभा असेल, तर माणूस दमतो पण तुटत नाही. काम भरपूर आणि मुभा शून्य, ही जोडी सर्वांत वाईट.

ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल-२’ या अभ्यासाने याला भक्कम पुरावा दिला. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा त्यात पाठपुरावा झाला. समज असा होता, की मोठ्या साहेबांना ताण जास्त, त्यामुळे हृदयविकारही त्यांनाच जास्त. दिसले उलटे. खुर्ची जितकी खालची, तितका धोका अधिक आणि कामावर ताबा नसणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण.

म्हणून ‘आम्ही पण तुमच्या वयात रात्र रात्र काम केले’ हे वरिष्ठांचे सांगणे खरे असले तरी अपुरे आहे. स्वतः ठरवून जागलेली रात्र आणि संध्याकाळी सहा वाजता ‘सकाळपर्यंत पाहिजे’ असे सांगून जागवलेली रात्र यांत तास सारखेच असतात. शरीर आणि मन मात्र त्यांचा हिशेब वेगळा ठेवतात.

पनवेलकरांचा हिशेब वेगळा का?

ताबा सर्वांत आधी सुटतो तो वेळेवरचा आणि पनवेलमध्ये तो घरातून निघतानाच सुटतो. पनवेल ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ४९ किलोमीटर आहे. हार्बरवर जलद लोकल नाहीत, त्यामुळे प्रवासाला सुमारे १ तास २० मिनिटे लागतात. घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय यांची मिळून ५० मिनिटे धरली, तर एका बाजूचा प्रवास २ तास १० मिनिटांचा होतो, दोन्ही बाजूंचा ४ तास २० मिनिटांचा. कार्यालयाचे ९ तास मिळवले की १३ तास २० मिनिटे संपली. ७ तास झोप धरली तर आंघोळ, जेवण, मुले, आईवडील, बाजारहाट, या सगळ्यांसाठी उरतात ३ तास ४० मिनिटे. कामाचा दिवस १० तासांचा झाला की उरतात २ तास ४० मिनिटे. कागदावर वाढ एका तासाची, म्हणजे जेमतेम ११ टक्के असते. माणसाच्या स्वतःच्या वेळेतून मात्र सव्वासत्तावीस टक्के जातात.

महिलांच्या बाबतीत उरलेला वेळही स्वतःचा नसतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. खारघर किंवा कामोठ्यातून ठाणे, ऐरोलीला जाणारी नोकरदार महिला पहिली पाळी घरी करून दुसऱ्या पाळीला कार्यालयात पोहोचते. नऊ वाजता ती ‘फ्रेश’ असेल, ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

कारखान्यात, गोदामात आणि विमानतळावर काम करणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. प्रवास कमी असतो, पण पाळी फिरती असते. या आठवड्यात रात्र, पुढच्या आठवड्यात सकाळ. रिलीव्हर आला नाही तर तीच पाळी पुढे ओढायची. कंटेनरच्या आवारात जहाजाच्या वेळेप्रमाणे कामाचा लोंढा येतो. उद्या किती वाजता सुटणार हे आज माहीत नसते. कारासेकच्या भाषेत ही थेट ‘बोजा भरपूर, ताबा शून्य’ अशी जोडी आहे.

तास वाढवले की काम वाढते का?

इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे वक्तव्य गाजले. दोघांचा हेतू देशाच्या प्रगतीचा असेलही. पण याचा तपास शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर झालेला आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांतल्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. त्यापुढे प्रत्येक जादा तासाचे उत्पादन घसरू लागले आणि ७० तासांच्या आठवड्यातले एकूण उत्पादन ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. १४ तास पाण्यात गेले.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही हाच इशारा दिला आहे. दिवसाला १२ किंवा अधिक तास टेबलाशी घालवणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा गुणांक दोन तासांपर्यंत बसणाऱ्यांपेक्षा सुमारे १०० गुणांनी कमी असल्याचे त्यात नमूद आहे.

तरीही ‘माणूस शंभर टक्के भरलेला पाहिजे’ हा हट्ट सुटत नाही. तो अभियांत्रिकीच्या नियमातही बसत नाही. खालापूरच्या टोलनाक्याचे उदाहरण घेऊ. समजा, गाड्या ठरावीक अंतराने न येता आगेमागे येतात आणि एका गाडीला सरासरी दहा सेकंद लागतात. खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल, तर रांगशास्त्रातल्या साध्या सूत्रानुसार गाडीचा नाक्यावरचा एकूण वेळ पाचपट, म्हणजे ५० सेकंद होतो. ९० टक्के व्यस्त असेल तर दसपट आणि ९५ टक्के असेल तर वीसपट. शेवटच्या १५ टक्क्यांसाठी नाक्यावरचा वेळ चौपट होतो. माणसाच्या टेबलाचेही तेच. मोकळा वेळ शून्य केला की प्रत्येक काम रखडते आणि मग ‘कुठवर आले?’ असे विचारणाऱ्या बैठकाच कामाचा वेळ खातात.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर होता. राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंजूर केलेल्या बदलांत दुकाने व आस्थापनांसाठी रोजचे तास ९ वरून १०, कारखान्यांसाठी ९ वरून १२ करण्याची तरतूद आहे. जादा कामाची तिमाही मर्यादा अनुक्रमे १२५ आणि ११५ तासांवरून १४४ तास करण्याचेही ठरले. कामगाराची लेखी संमती ही अट आहे. पण महिनाअखेरीच्या पगारावर घर चालणारा माणूस साहेबासमोर संमतीच्या कागदावर ‘नाही’ लिहील का, याचे उत्तर सर्वांना माहीत आहे.

दुसरी अडचण पदाची. कामाच्या तासांचे संरक्षण व्यवस्थापकीय पदांना मिळत नाही आणि कार्यालयांत ‘असिस्टंट मॅनेजर’चे कार्ड उदारपणे वाटले जाते. केवळ नावाने कोणी व्यवस्थापक होत नाही, न्यायालये प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे. त्यासाठी आधी न्यायालयात जावे लागते.

तिसरी अडचण अंमलबजावणीची. पुण्यातील एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा जुलै २०२४ मध्ये मृत्यू झाला. कामाच्या अतिताणाकडे बोट दाखवणारे तिच्या आईचे पत्र सप्टेंबरमध्ये देशभर पोहोचले. संस्थेने हा संबंध नाकारला. पण त्यानंतर झालेल्या तपासणीत त्या कार्यालयाची आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे कामगार विभागाला आढळले. नोंदणीच नसेल, तर तासांची तपासणी कोण करणार?

शिवाय मनावरचा ताण हा धोका म्हणून आपल्या कायद्याला अजून नीट दिसत नाही. कायद्यातील व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारे बहिरेपण आहे. मानसिक आजार नाही. जपानमध्ये ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी डिसेंबर २०१५ पासून वार्षिक ताण तपासणी बंधनकारक आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले.

योग शिबिरे आणि ‘वेलनेस’ अ‍ॅप का पुरत नाहीत?

बहुतेक मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न कळला आहे. त्यांचे उत्तर ठरलेले : शुक्रवारी योग, दुपारी ध्यान, फोनवर एक अ‍ॅप आणि ‘ताणाशी मैत्री’ या विषयावर व्याख्यान. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला. अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले कर्मचारी भाग न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. याला अपवाद ठरला तो स्वयंसेवेचा.

यात योगाचा दोष नाही. छप्पर गळत असताना प्रत्येकाला छत्री वाटण्याचा हा प्रकार आहे. व्याख्यान ऐकून परतलेल्या माणसाच्या टेबलावर तीच रांग, तीच टांगती तलवार आणि तोच रात्री साडेदहाचा निरोप असतो. उलट ‘आम्ही तर सगळे दिले, तरी तुला जमत नाही’ असा छुपा ठपका त्याच्यावर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तो आजार नव्हे, तर नोकरीच्या ठिकाणी दीर्घकाळ हाताळला न गेलेला ताण आहे, असे स्पष्ट म्हटले. त्याची तीन लक्षणे : पूर्ण थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा तुच्छता आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. पाट्या टाकणे सुरू होते ते दुसऱ्या लक्षणापासून.

मग कशाने फरक पडतो?

जिथे माणसाच्या हातात वेळेचा थोडा ताबा परत दिला, तिथे फरक मोजता आला आहे. चीनमधील ट्रिप डॉट कॉम कंपनीने १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एकतृतीयांशाने घटले, कामगिरी घसरली नाही. जास्त फायदा दिसला तो महिलांना, व्यवस्थापक नसलेल्यांना आणि लांबून येणाऱ्यांना. पनवेलहून सीएसएमटी किंवा बीकेसी गाठणाऱ्यांसाठी याहून थेट पुरावा मिळणे कठीण.

घरून काम शक्य नसलेल्यांसाठीही मार्ग आहे. अमेरिकेत गॅप कंपनीच्या कपड्यांच्या दुकानांत कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आधीपासून आणि स्थिर ठरवण्याचा प्रयोग झाला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्या दुकानांची विक्री ७ टक्क्यांनी आणि कामगारांची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढली. पगार वाढवला नव्हता, उद्या कधी यायचे ते आधी सांगितले होते. तळोजा, उरण, विमानतळ, कुठेही हे करता येते. दोन आठवड्यांचे वेळापत्रक आधी लावा, ते बदलायचे तर माणसाला विचारा आणि रिलीव्हरची जबाबदारी सुटणाऱ्यावर नव्हे, पर्यवेक्षकावर ठेवा.

कार्यालयांच्या वेळा विभागणे हा तिसरा मार्ग. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सीएसएमटीतील स्वतःच्या कार्यालयात साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा सुरू केल्या आणि शेकडो कार्यालयांना तसे करण्याची विनंती केली. बाकीच्यांनी मनावर घेतले असते, तर गर्दीचा निम्मा प्रश्न नवा रूळ न टाकता हलका झाला असता.

‘हे मोठ्या कंपन्यांना परवडते, आमच्या दहा माणसांच्या युनिटला नाही,’ हा आक्षेप रास्त आहे. छोट्या कारखानदारावर मोठ्या ग्राहकाची मुदत असते आणि बँकेचा हप्ता असतो. पण काम देताना त्याचा क्रम सांगणे, एका वेळी दोनपेक्षा जास्त ‘अर्जंट’ न ठेवणे, जेवणाचा अर्धा तास खरोखर अर्धा तास ठेवणे आणि रात्रीचा निरोप सकाळी पाठवणे याला पैसे लागत नाहीत. लागते ती साहेबाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त. दहा माणसांच्या युनिटमध्ये एक अनुभवी फिटर सोडून गेला, तर त्याचा फटका शंभर माणसांच्या कंपनीपेक्षा जास्त बसतो, हेही तितकेच खरे.

कर्मचाऱ्याने काय करावे?

सल्ला देणे सोपे आणि नोकरी टिकवणे अवघड, हे मान्य करूनच काही गोष्टी सांगता येतात. कामे तोंडी न घेता लिहून घ्यावीत. नवे काम आले की ‘यातले आधी कोणते?’ असे विचारावे. हा नकार नाही, पण क्रम ठरवण्याची जबाबदारी जिथली तिथे जाते. जादा तासांची स्वतःची नोंद ठेवावी. झोप सतत उडणे, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड, पूर्वी आवडणाऱ्या कामाचा तिटकारा, घरच्यांवर विनाकारण चिडचिड, हे दोन-तीन आठवडे चालले तर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

पण भार सगळा कर्मचाऱ्यावर टाकून चालणार नाही. रविवारची सुट्टी आज आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. ती तशी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यांच्या मागण्या होत्या. गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. त्यानंतर गिरण्या बंद पडल्या नाहीत, उलट त्यांची खरी भरभराट पुढच्या काळात झाली.

विश्रांतीने उद्योग बुडत नाही, हे मुंबईने १३५ वर्षांपूर्वी पाहिले आहे. पनवेलमध्ये नव्या नोकऱ्या येत असतानाच त्या कशा असाव्यात हे ठरवण्याची संधी आहे. प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक साहेबाने स्वतःला एवढेच विचारावे : आपण माणसाच्या हजेरीचे पैसे देतो आहोत की लक्षाचे? लक्षाचे देत असू, तर ते शाबूत ठेवणे हा खर्च नव्हे. यंत्राला तेल घालण्याला कोणी उपकार म्हणत नाही.